शिंक आली की शाळा बंद?

‘मावशी, माझा मुलगा तिसरीत आहे. एप्रिल २०२१ मध्ये सासरे कोरोनाने गेले. शेवटचं दर्शनसुद्धा झालं नाही. तेव्हापासून मुलाला साधी शिंक आली तरी मी आठ-आठ दिवस शाळा बुडवते. आता पुन्हा पेशंट वाढल्याचं ऐकलं आणि त्याला घरीच ठेवलंय. मिस्टर चिडतात. सासूबाईंना शुगर आहे. परवा मुलाने विचारलं, “मी पण आजोबांसारखा जाणार का?” काय सांगू त्याला?
– एक आई, नाशिक’

आधी त्यालाच उत्तर दे. जवळ घेऊन सांग, ‘नाही रे राजा, तुझ्यासारख्या मुलांना हा आजार सर्दी-तापासारखा येतो आणि जातो.’ हे खोटं समाधान नाही. शाळकरी वयात कोरोना गंभीर होण्याचं प्रमाण सगळ्यांत कमी आहे. अगदी तान्ह्या बाळांनाही त्याहून जास्त जपावं लागतं. मुलाला तीव्र दमा, मधुमेह, जास्तच लठ्ठपणा किंवा मेंदूचा, प्रतिकारशक्तीचा जुना आजार असेल तर गोष्ट वेगळी. तुझ्या पत्रात तसं काही नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात ‘तिसरी लाट मुलांवर येणार’ म्हणून आपण सगळेच धास्तावलो होतो. राज्याने बालरोगतज्ज्ञांचा टास्क फोर्सही नेमला. त्याच जून-जुलैत आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने देशभर रक्ततपासणी केली, तेव्हा सहा ते सतरा वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या. शाळा तेव्हा बहुतेक ठिकाणी बंदच होत्या! म्हणजे कोरोना मोठ्यांच्या पायाने घरात आला, मुलांना होऊन गेला आणि कित्येक आयांना पत्ताही लागला नाही. पुढे ओमायक्रॉन आला, पुष्कळ मुलं तापली, बहुतेक दोन-तीन दिवसांत उड्या मारायला लागली. शाळा बुडवून तू त्याला विषाणूपासून वाचवत नाहीयेस गं, फक्त मित्रांपासून तोडते आहेस.

ताप असेल तेव्हा मात्र घरीच ठेव. औषध न देता पूर्ण दिवस ताप आला नाही आणि पोरगं खेळायला लागलं, की पाठव. नुसत्या शेंबडासाठी आठ दिवस नकोत. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून. अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. धाप लागली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, पाणी पिईना, लघवी कमी झाली, गुंगीत राहिला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठ. आणखी एक, हे फार दुर्मिळ आहे, ओमायक्रॉननंतर तर आणखीच: आजार बरा झाल्यावर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा जोराचा ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ, पोटदुखी, उलट्या असं सुरू झालं तर डॉक्टरांना आधीच्या आजाराबद्दल आठवणीने सांग. खरं विचारशील तर पावसाळ्यात मी तुझ्या जागी असते तर डेंग्यूची जास्त काळजी केली असती. कुंड्यांखालच्या ताटल्या बघितल्यास का?

जपायचं आहे ते सासूबाईंना. नातू तापला की आजीच्या कुशीत झोपणं काही दिवस बंद, खिडक्या उघड्या, जवळ जाताना मास्क. त्यांची शुगर आटोक्यात आहे ना बघ, लसींबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचार. त्यांना ताप आला तर ‘बघू दोन दिवस’ करू नकोस, लगेच दाखव.

आता मिस्टरांचं. शाळेच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे. पण पत्रभर तू ‘सासरे’ लिहिलंस, आणि वडील त्यांचे गेले. शेवटचं तोंड त्यांनाही बघायला मिळालं नसेल. त्यावर तुम्ही दोघं कधी बोललात? एखाद्या रात्री मुलगा झोपल्यावर विषय काढ. भीती तरीही जात नसेल, झोप उडत असेल, तर समुपदेशकाकडे जायला लाजू नकोस.

आणि सोमवारी मुलाला शाळेत सोडायला मिस्टरांनाच पाठव. तू गेलीस तर फाटकावरूनच त्याला परत घेऊन येशील.

– मावशी