पेशी न फाडता विषाणू बाहेर कसा पडतो?

प्रश्न : विषाणूजवळ स्वतःची यंत्रणा नसते, तो सारे काही पेशीकडून करवून घेतो, असे आपण वाचतो. मग पेशीत तयार झालेले नवे विषाणू तिचे पटल न फाडता बाहेर कसे येतात? ती वाट औषधाने बंद का करत नाहीत?

उत्तर : सगळेच विषाणू पेशी शाबूत ठेवत नाहीत; जिवाणूंमध्ये वाढणारे बहुतेक विषाणू पेशी फोडूनच मोकळे होतात. आपला प्रश्न एचआयव्ही, इबोला, इन्फ्लुएन्झा अशा मेदवेष्टन असलेल्या विषाणूंना लागू पडतो. हे वेष्टन म्हणजे पेशीच्याच पटलाचा तुकडा असतो आणि विषाणू तो बाहेर पडताना अंगाभोवती घेऊन जातो. कळी फुटावी तसा पटलाला फुगवटा येतो, म्हणून या क्रियेला मुकुलन म्हणतात.

एचआयव्हीचे मुकुलन फार बारकाईने अभ्यासले गेले आहे. त्याच्या गॅग या प्रथिनाचे हजारो रेणू पटलाच्या आतल्या बाजूला दाटीने रचले जातात आणि त्या रचनेच्या वक्रतेमुळे पटल बाहेर फुगते. खरी अडचण यानंतर येते. फुगवटा गोल झाला तरी एका बारीक मानेने तो पेशीला जोडलेला राहतो आणि ती मान तोडण्याचे साधन विषाणूजवळ नसते. पेशीजवळ पटल तोडणारी डायनामिनसारखी प्रथिने आहेत, पण ती मानेला बाहेरून फास घालतात. येथे पेशीद्रव मानेच्या आत असल्यामुळे ती आतूनच तोडावी लागते.

हे अवघड काम पेशीतला ‘एस्कॉर्ट’ नावाचा प्रथिनसमूह करतो. पेशीविभाजनाच्या अखेरीस दोन कन्यापेशींना जोडणारा दुवाही तोच तोडतो. गॅगच्या टोकाला प्रोलीन, थ्रिओनीन, अ‍ॅलॅनीन, प्रोलीन अशी चार अमिनो आम्लांची ओळ असते आणि ती या समूहातील टीएसजी१०१ या प्रथिनाला पकडते. मला यातले सर्वांत विलक्षण वाटते ते असे, की पेशीचे स्वतःचे एक प्रथिन टीएसजी१०१ला बोलावण्यासाठी जवळजवळ हीच खूण वापरते, फरक केवळ एका अमिनो आम्लाचा; म्हणजे विषाणू पेशीला तिच्याच भाषेत हाक मारतो. त्यानंतर एस्कॉर्टच्या इतर प्रथिनांचे धागे मानेच्या आत वेटोळी घालतात, व्हीपीएस४ हे प्रथिन एटीपी या पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची ऊर्जा खर्चून ती वेटोळी बदलत व सोडवत जाते, आणि मान आवळून तुटते. गॅगचे हे टोक बिघडवले की विषाणू पेशीला देठाने लटकून राहतात, हे १९९१ मध्ये दिसले होते. टीएसजी१०१शी असलेला त्याचा संबंध २००१ मध्ये उलगडला.

इबोलाही अशीच खूण वापरतो. इन्फ्लुएन्झाला मात्र एस्कॉर्ट लागत नाही. त्याचे स्वतःचे एम२ प्रथिन मान तोडण्यास मदत करते.

आता औषधाविषयी. एस्कॉर्टच बंद पाडले तर निरोगी पेशींचे विभाजनही अडखळेल, त्यामुळे संपूर्ण यंत्रणेऐवजी विषाणू तिला जेथे पकडतो तेवढीच जागा झाकणारे रेणू शोधणे अधिक शहाणपणाचे आहे. इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत बाहेरची वाट अडवणे सोपे ठरले आहे. मान तुटल्यावरही तो पेशीच्या पृष्ठभागावरील सियालिक आम्लाला चिकटून राहतो आणि न्यूरामिनिडेज हे त्याचे स्वतःचे विकर ते आम्ल तोडून त्याला मोकळे करते. ओसेल्टामिविर हे औषध नेमके त्या विकरालाच रोखते.