परदेशी सुनेला 'ताक' आणि 'टाक' यांतला फरक ऐकूच का येत नाही? नातवाचंही तसंच होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सून कॅनडातली, माहेरी फक्त इंग्रजी. दोन वर्षं मनापासून मराठी शिकतेय. परवा कढी करताना तुम्ही म्हणालात, "आता त्यात ताक टाक," तर ती म्हणाली, "आई, तुम्ही एकच शब्द दोनदा का म्हणता?" तिला खरंच ऐकू येत नाही की लक्ष नसतं? नातू सात महिन्यांचा आहे, त्याचेही कान असेच होतील का? आणि दोन महिन्यांनी तुम्ही नाशिकला परत आलात की व्हिडिओ कॉलवर बोललेलं पुरेल का?

सून खरं बोलतेय. तिला ते शब्द खरोखरच एकसारखे ऐकू येतात, आणि तरीही तिचे कान ठणठणीत आहेत. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असतं, ते सांगते.

मी पुण्यात परदेशी लोकांना मराठी शिकवते, चौदाएक वर्षं झाली. 'ताक-टाक' हा माझ्याकडचा पहिल्या आठवड्यातला रडवणारा धडा. एकदा एक जर्मन विद्यार्थी होता, पेशाने इंजिनियर, मोजमापाची सवय असलेला माणूस. मी तोंडासमोर वही धरून 'ताक' म्हटलं, मग 'टाक' म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही दोन्ही वेळा तेच म्हणालात, उगाच फसवू नका." वही बाजूला केली, तर तो माझे ओठ न्याहाळायला लागला. ओठांवर काय दिसणार? सगळा खेळ आत, जिभेच्या टोकाचा. त म्हणताना ते दातांना टेकतं, ट म्हणताना किंचित मागे वळून टाळूला. शेवटी त्याने मोबाइलवर माझा आवाज रेकॉर्ड केला, घरी जाऊन पुन्हा पुन्हा ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "मी तपासलं. एकच आहे." मला हसू आलं, पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

तुमच्या नातवासाठी यातली गमतीची गोष्ट म्हणजे नेमक्या याच त आणि ट वर एक गाजलेला प्रयोग झाला, तोही कॅनडात, व्हँकुव्हरला. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी तो १९८४ साली प्रसिद्ध केला. त्यांनी हिंदीतले 'त' आणि 'ट' घेतले (या दोन अक्षरांपुरती हिंदी-मराठी सारखीच), आणि इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली तान्ही बाळं घेतली. बाळ आईच्या मांडीवर. लाउडस्पीकरवर एकच आवाज चालू: त, त, त, त. मध्येच तो बदलतो: ट, ट. बदल झाल्यावर बाळाने तिकडे मान वळवली, तर शेजारच्या काळसर खोक्यात दिवा लागतो आणि आतलं खेळण्यातलं जनावर नाचायला लागतं. दोनचार वेळात बाळाला कळतं की आवाज बदलला की मजा येते. मग ते वाट बघायला लागतं. आईने नकळत इशारा देऊ नये म्हणून तिच्या कानावर हेडफोन आणि त्यात गाणी.

सहा ते आठ महिन्यांची बहुतेक इंग्रजी बाळं त-ट चा फरक ओळखत होती. आठ ते दहा महिन्यांत घसरण सुरू झाली. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांतली फारच थोडी ओळखू शकली. खोक्यातलं जनावर बिचारं अंधारातच राहिलं. हिंदी घरांतली बाळं मात्र अकरा-बारा महिन्यांचीही आरामात ओळखत होती.

म्हणजे तुमची सून सात महिन्यांची असताना तिलाही 'ताक' आणि 'टाक' वेगळे ऐकू येत असणार. आज तिच्या मांडीवर जो बसलाय, त्याला या क्षणी ते आईपेक्षा चांगले ऐकू येतात.

मग त्या मधल्या महिन्यांत घडतं काय? बाळ हिशेब करत असतं. त्याला ना अक्षरं माहीत, ना शब्दांचे अर्थ, पण कानावर पडणाऱ्या हजारो आवाजांची त्याचा मेंदू गर्दी बघत असतो: कुठल्या ठिकाणी आवाज जास्त साचतात, कुठे कमी. मराठी घरात दातांजवळ एक ढीग साचतो, टाळूजवळ दुसरा, मधली जागा जवळजवळ रिकामी. म्हणून तिथे दोन कप्पे तयार होतात. इंग्रजी घरात एकच ढीग साचतो, तोही नेमका आपल्या मधल्या रिकाम्या जागेत, दातांच्या मागच्या हिरडीवर. मग एकच मोठा कप्पा. एकदा कप्पा तयार झाला की त्यात पडणारे सगळे आवाज मेंदूला 'तोच तो' वाटायला लागतात. आणि हे फार उपयोगाचं असतं बरं का. तुम्ही, तुमचा मुलगा, सर्दी झालेला शेजारी, प्रत्येकाचा ट थोडा वेगळा असतो. ते बारकावे झटकून टाकता आले नाहीत, तर माणसाला वाक्य कळायच्या आधी दिवस संपेल.

याला मी झीज म्हणत नाही. र आणि ल वर झालेल्या प्रयोगांत अमेरिकन आणि जपानी बाळं सहा-आठ महिन्यांची असताना जवळपास सारखीच होती. वर्षाच्या सुमारास अमेरिकन बाळं आधीपेक्षा चांगली झाली आणि जपानी बाळं, ज्यांच्या भाषेत र-ल असा भेदच नाही, मागे पडली. मेंदूने ज्याची गरज त्याला धार लावली आणि बाकीचं सोडून दिलं.

आपल्यालाही हा चकवा बसतो, फक्त तो आपल्याला ऐकू येत नाही. टेबल, टाय, डॉक्टर. हा ट इंग्रजाच्या तोंडी ट नसतोच मुळी. तो त्या मधल्या हिरडीवरचा आवाज आहे. आपण तो उचलून सरळ 'ट' च्या कप्प्यात टाकतो आणि शपथेवर सांगतो की इंग्रज 'ट' म्हणाला. 'व्हॅन', 'व्हिसा', 'व्हिक्टोरिया' यांतला तो 'व्ह' घ्या. इंग्रजीत तिथे 'ह' चा श्वास अजिबात नाही, खालचा ओठ वरच्या दातांना घासतो, एवढंच. पण आपल्याकडे 'व्हावं', 'व्हायचं' असा ऐवज आधीच भरलेला, मग मराठी मेंदूने तो परका आवाज 'व्ह' मध्ये बसवला. हिंदीवाल्यांनी तोच आवाज साध्या 'व' मध्ये बसवला आणि ते 'वैन' लिहितात. आवाज तोच, शेजारच्या दोन भाषांनी ऐकला मात्र वेगवेगळा.

कोणी म्हणेल, अक्षरं वेगळी आहेत म्हणून आपल्याला त-ट वेगळे ऐकू येतात. तसं नाही. "घोड्याला चारा चार" यातला 'चार' आणि "चार घोडे" मधला 'चार' मोठ्याने म्हणून बघा. "जग फिरून आलो" आणि "सुखाने जग" हेही म्हणा. लिहायला एकच अक्षर, तोंडात दोन आवाज. शाळेत हा फरक कोणी आपल्याला गिरवायला लावला नव्हता, तरी आपण कधी चुकत नाही. आणि नव्याने मराठी शिकलेल्या माणसाने 'चांगला' मधला च 'चंद्र' मधल्यासारखा म्हटला, की आपल्याला लगेच खटकतं. कप्पे पाटीवर नाही, पाळण्यात तयार झाले.

इथे थोडं माझं सांगते. माझं गाव मराठवाड्यातलं, आमच्या घरात सगळे 'पानी' आणि 'आनि' म्हणायचे. पुण्यात शाळेत आले तेव्हा वर्ग हसायचा. मला ते कशाला हसतायत तेच कळायचं नाही, कारण बाईंनी दुरुस्त करून सांगितलेलं 'पाणी' आणि माझं 'पानी' मला एकच वाटायचं. "नीट ऐक," त्या म्हणायच्या. मी नीटच ऐकत होते. माझ्या घरात तिथे एकच कप्पा होता, एवढंच. पुढे तो फरक मला ऐकू यायला लागला, पण 'शुद्ध-अशुद्ध' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांबद्दलचा राग काही गेला नाही. तेव्हा सुनेला "लक्ष दे" असं चुकूनही म्हणू नका. लक्षाचा प्रश्नच नाही.

आणि कानाचाही नाही. याच वर्करबाईंनी नंतर प्रौढ इंग्रजी भाषकांवर आणखी एक प्रयोग केला. दोन आवाजांमध्ये दीड सेकंदाचं अंतर ठेवलं तर त्यांना हिंदीतला त-ट एकच वाटायचा. अंतर अर्ध्या सेकंदावर आणलं तर त्यांतल्या काहींना फरक जाणवायला लागला. कान तपशील आत पोचवत असतो, पण मेंदू क्षणभरात त्यावर स्वतःच्या भाषेचा शिक्का मारतो आणि मूळ तपशील फेकून देतो. माझा तो इंजिनियर रेकॉर्डिंग कितीही वेळा ऐकू दे, शिक्का बसलेलंच त्याला ऐकू येणार होतं.

आता नातू. घरात मराठी किती आणि कोण बोलतं हे तुम्ही लिहिलं नाहीत. मुलगा त्याच्याशी मराठीत बोलत असेल तर अर्धी काळजी मिटली. नसेल, तर नातवाशी आधी मुलाला बोलायला लावा, कारण तुम्ही दोन महिन्यांनी निघणार आणि तो तिथेच असणार. दोन भाषांनी बाळ गोंधळेल असं कोणी सांगितलं तर सोडून द्या. जगात लक्षावधी मुलं दोन-तीन भाषांत वाढतात.

व्हिडिओबद्दल. सिॲटलला पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी मँडरिन बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं दाखवली, गप्पा मारल्या. साधारण महिनाभरात पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका, बस्स. तेवढ्यात बाळांना मँडरिनमधला एक अवघड फरक ओळखता यायला लागला. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, तिसऱ्याला नुसतं ऐकवलं. त्या दोन्ही गटांच्या पदरात काही पडलं नाही. तेव्हा यूट्यूबवरची मराठी बडबडगीतं लावून ठेवली की काम झालं, असं समजू नका.

पण व्हिडिओ कॉल म्हणजे टीव्ही नव्हे. त्याने 'आ' केलं की तुम्ही हसता, तो बघतो म्हणून तुम्ही बोलता. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवरच्या एका अभ्यासात असं दिसलं की अशा दुतर्फा कॉलवरून मुलं नवे शब्द शिकतात, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून नाही. सात महिन्यांच्या बाळाच्या त-ट ला हाच निकाल लावणं घाईचं होईल. म्हणून मी तुमच्या जागी असते, तर हे दोन महिने त्याला मांडीवर घेऊन अखंड बडबड केली असती. आंघोळ घालताना, भरवताना, डाळ निवडताना. खास 'त-ट' चा क्लास घ्यायची गरज नाही. मराठीत ती दोन अक्षरं इतकी पडतात की बाळ आपोआप मोजतं. कॉल नंतर चालू ठेवाच.

राहिली सून. कप्पा पक्का झालाय, पण लोखंडाचा नाही. जपानी प्रौढांना इंग्रजी र-ल शिकवण्याचे यशस्वी प्रयोग झाले आहेत. त्यांत युक्ती ही की एकाच माणसाचा आवाज वापरायचा नाही. अनेक माणसं, अनेक शब्द, आणि प्रत्येक उत्तराला लगेच बरोबर-चूक. एकच आवाज घोटला तर शिकणारा त्या माणसाची लकब पाठ करतो, फरक शिकत नाही. मीही वर्षानुवर्षं हीच चूक करत होते, सगळा सराव माझ्याच आवाजात.

तुमच्या घरासाठी: ताक-टाक, ताट-टाट, वात-वाट एवढे शब्द घ्या. तुम्ही, तुमचा मुलगा, नाशिकची बहीण, शेजारच्या काकू, जमेल त्या सगळ्यांकडून फोनवर रेकॉर्ड करून मागवा. फार सावकाश किंवा ओरडून म्हणायला सांगू नका, रोजच्यासारखं म्हणू दे. सुनेने ऐकायचं, 'त' की 'ट' सांगायचं, आणि लगेच उत्तर कळायला हवं. दिवसाला दहा मिनिटं पुरतात. उच्चारासाठी तिला एवढंच सांगा की इंग्रजीत 'थँक्यू' म्हणताना जीभ जिथे जाते, तिथेच जीभ ठेवून, पण हवा न सोडता 'त' म्हण. माझ्याकडच्या बहुतेकांचा पहिला खरा त असाच निघाला.

पहिल्या आठवड्यात वीसपैकी दहाच्या आसपास बरोबर येतील. ते नाणं उडवल्यासारखं आहे, त्यावर काही बोलू नका. वीसपैकी सोळा-सतरा यायला लागले की मला इथेच कळवा, मी 'ळ' चे शब्द पाठवते.