करारातलं ‘स्थानिक शासन’ म्हणजे कोण?

गुहागर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य ताईंचा प्रश्न आहे. परदेशी गुंतवणुकीच्या करारांबद्दल त्यांनी एक मराठी लेख वाचला. त्यात वाक्य होतं, ‘स्थानिक शासनाच्या उपाययोजनांना हा करार लागू नाही.’ यातलं स्थानिक शासन म्हणजे आमची पंचायत का, आणि उपाययोजना कसल्या?

ताई, हो, तुमची पंचायतच. भारताच्या २०१५च्या नमुना गुंतवणूक करारात स्थानिक शासनाची व्याख्या आहे. तिच्यात शहरी स्थानिक संस्था, महानगरपालिका आणि गावपातळीवरचं शासन यांचा उल्लेख आहे. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती मात्र शब्दशः नाहीत. शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे असतात, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवा. शिवाय हा नुसता नमुना आहे, प्रत्यक्ष करारात वाटाघाटीनुसार शब्द बदलतात.

गोंधळ होतो तो आपल्या बोलण्यामुळे. ‘सरकारने रस्ता दिला नाही, शेवटी पंचायतीने पाखाडी बांधली,’ असं आपण सहज म्हणतो. सरकार म्हणजे तहसील कचेरी, मुंबई, दिल्ली. ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ म्हटलं की पंचायत पतसंस्थेच्या रांगेत जाऊन बसते. कायदा तसं मानत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १२मधल्या ‘राज्य’ या शब्दात स्थानिक प्राधिकरणंही येतात. जागतिक व्यापार संघटनेचा १९९५पासूनचा सेवाव्यापार करारही केंद्रीय, प्रादेशिक आणि स्थानिक अशी तिन्ही शासनं धरतो, आणि खालच्या दोघांकडून पालन करून घेण्यासाठी शक्य ते करायची जबाबदारी देशावर टाकतो.

आता ‘उपाययोजना’. हा ‘मेझर’ या इंग्रजी शब्दाचा अनुवाद, आणि इथे तो साफ चुकीचा आहे. कोकणात उपाययोजना म्हटलं की दरड, साथ, पाणीटंचाई आठवते. सेवाव्यापार करारात मात्र मेझर म्हणजे कायदा, नियम, कार्यपद्धती, निर्णय, प्रशासकीय कृती, काहीही. पाणीपट्टीचा दर ठरवणं, ना हरकत दाखला नाकारणं हे सगळं त्यात बसतं. म्हणून मी ‘निर्णय आणि कृती’ असंच लिहीन.

याच सेवाव्यापार करारातून ‘शासकीय अधिकारात दिलेल्या सेवा’ वगळल्या आहेत, पण त्याला दोन अटी आहेत : सेवा व्यापारी तत्त्वावर नको आणि त्याच सेवेत दुसऱ्या पुरवठादाराशी स्पर्धाही नको. तुमची नळपाणी योजना यात बसते का? वाडीत मे महिन्यात खासगी टँकर पाणी विकत असेल तर त्याला स्पर्धा म्हणायचं का? करारात ‘स्पर्धा’ची व्याख्याच नाही, त्यामुळे याचं उत्तर शब्दांवरून निघत नाही. म्हणून उद्या परदेशी कंपनी नळ ताब्यात घेईल असं समजू नका. बाजार खुला करण्याचं बंधन देशाने आपल्या यादीत लिहून दिलेल्या सेवांपुरतंच असतं.

करारात ‘सरकार’ किती लांबपर्यंत पोहोचतं याचा दाखला तुमच्याच तालुक्यात आहे. अंजनवेलच्या दाभोळ प्रकल्पाची वीज घेणारं होतं राज्याचं वीज मंडळ. २००१मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. पुढे परदेशी गुंतवणूकदारांनी मॉरिशसमधल्या आपल्या कंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराखाली दावा लावला, तो भारतावर. मंडळ राज्याचं असलं तरी करारापुढे उभा राहिला देश.

ग्रामसभेत वाचून दाखवायचं असेल तर ते वाक्य असं करा : ‘ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांनी घेतलेले निर्णय आणि केलेल्या कृती यांना हा करार लागू होत नाही.’ फक्त आधी मूळ करारातली व्याख्या काढून पाहा. तिच्यात जिल्हा परिषद असेल तर तीही वाक्यात घाला, नसेल तर गाळा.