टीचर्स डेचा अपॉस्ट्रॉफी नक्की कुठे?

प्रश्न: ५ सप्टेंबरच्या बॅनरवर इंग्रजीत टीचर्स डे लिहायचंय, अपॉस्ट्रॉफी (तो वरचा स्वल्पविराम) एसच्या आधी की नंतर? मदर्स डेला तर आधी असतो ना?

उत्तर: नंतर द्या. दिवस सगळ्या शिक्षकांचा आहे, म्हणून एस लावून आधी अनेकवचन पूर्ण करायचं आणि मग अपॉस्ट्रॉफी, एसच्या आधी दिलात तर तो एकाच शिक्षकाचा दिवस होतो. चिल्ड्रन्स डे, विमेन्स डेला मात्र एसच्या आधीच, कारण चिल्ड्रन, विमेन मुळातच अनेकवचन, तिथला एस फक्त मालकीचा. मदर्स डेची गोष्ट मला फार आवडते, अमेरिकेत हा दिवस सुरू करणाऱ्या ॲना जार्विस बाईंनी हट्टाने एकवचनच ठेवलं, प्रत्येकाने आपापल्या आईचा मान करावा म्हणून, आणि १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी जाहीरनामा काढला त्यातही ते तसंच राहिलं. तिथल्याच व्हेटरन्स डेला (माजी सैनिकांच्या दिवसाला) अपॉस्ट्रॉफीच नाही, सरकारी स्पेलिंगच तसं आहे, उगाच घालू नका. आणि हो, प्रिंटरला मजकूर कागदावर लिहूनच द्या, फोनवर सांगितलं की हमखास घोळ होतो.