पॅराशूट उघडलं, मग पुढे?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की इचलकरंजीत मागाच्या खडखडाटात वाढलेली मुलगी कॅलिफोर्नियात पॅराशूट-रिगर कशी झाली. रिगर म्हणजे पॅराशूट तपासणारा, शिवणारा, घडी घालून बंद करणारा माणूस. मी उड्याही मारते, साडेसहाशे झाल्या, पण पोट भरतं ते सुईदोऱ्यावर. त्या लेखावर बरीच पत्रं आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून फक्त गावं देते.

प्रश्न : मुलगी ॲरिझोनात एमएस करते. टँडम उडीचा (प्रशिक्षकाला बांधून मारायची उडी) व्हिडिओ पाठवला तेव्हाच मी देव पाण्यात ठेवले होते. आता म्हणते, एकटीनं उडी मारायचा कोर्स करणार. पॅराशूट उघडलंच नाही तर? (नाशिक)

ताई, आधी देव बाहेर काढा, त्यांना सर्दी व्हायची.

तिच्या पाठीवर एक नाही, दोन छत्र्या असतात. (इथे सगळे कॅनॉपी म्हणतात, मी आपली छत्रीच म्हणते.) मुख्य छत्रीची घडी उडी मारणारा स्वतः घालतो, नाहीतर पॅकर घालतो, दहा-पंधरा मिनिटांचं काम. दुसरी रिझर्व्ह, म्हणजे राखीव. तिला परवानाधारक रिगरशिवाय कुणी हात लावायचा नाही. अमेरिकेत दर १८० दिवसांनी ती उघडून, तपासून पुन्हा बंद करावी लागते, मग तिची मधे एकदाही गरज पडलेली नसो.

माझं रोजचं काम हेच. रिझर्व्ह लांब टेबलावर पसरायची, दिव्याखाली कापड बघायचं, एकेक दोरी वरपासून खालपर्यंत बोटांतून सरकवायची. कापड रिपस्टॉप नायलॉनचं. ताण्या-बाण्यात ठरावीक अंतरावर जाडा धागा टाकलेला असतो, त्यामुळे बारीक चौकटी दिसतात आणि फाटलं तर ते त्या चौकटीपाशी अडतं. माझे बाबा मागाच्या कारखान्यात जॉबर होते. कापड चिमटीत धरून 'धागा तुटलाय, शोध' म्हणायचे, आणि तो सापडायचाच. ती खोड मला इथे कामी आली. घडी झाली की झडप ओढून घेताना तात्पुरत्या पिना लावतो, प्रत्येकीला हातभर लाल पट्टी बांधलेली. शेवटी हत्यारं मोजायची. एक पिन जरी कमी भरली तरी सगळं उघडून पहिल्यापासून. मग लाल दोरा आणि त्यावर शिशाचं सील, त्यात माझी खूण ठोकलेली. रिझर्व्हची मूठ ओढली की तो दोरा सहज तुटतो, तितका कच्चाच असतो तो. पण अखंड असेल तर माझ्यानंतर कुणी आत हात घातलेला नाही, एवढं त्यावरून कळतं.

शिवाय आत काडेपेटीपेक्षा थोडं मोठं एक यंत्र असतं. मुलगी गडबडली, बेशुद्ध पडली, काहीच ओढलं नाही आणि साडेसातशे ते हजार फुटांच्या आसपास अजून वेगानं पडतेच आहे, तर ते रिझर्व्ह बंद ठेवणारा फासा स्वतः कापतं. १९९१ साली जर्मनीतून 'सायप्रेस' नावाचं असं यंत्र आलं तेव्हापासून कित्येक माणसं त्याच्यामुळे घरी परत गेली आहेत.

आता तुम्ही न विचारलेलं सांगते. २०२३ साली अमेरिकेत सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि १० माणसं गेली. अशा अपघातांचे अहवाल आम्ही दरवर्षी वाचतो. त्यात छत्री उघडलीच नाही असे थोडे. व्यवस्थित उघडलेल्या, चांगल्या छत्रीखाली जमिनीजवळ चुकीचं वळण घेतलं, नाहीतर झेपत नसताना लहान, वेगवान छत्री घेतली, असे पुष्कळ. हाडं मोडतात ती तर जवळजवळ सगळी तिथेच.

म्हणून फोनवर 'उघडेल ना गं?' विचारू नका. छत्री किती चौरस फुटांची देतात ते विचारा. शिकाऊला दोनशेच्या वरचीच हवी. आणि काल वारा होता तेव्हा काय केलंस, हेही विचारा. 'बसून राहिले' म्हणाली तर मास्तर बरे आहेत.

प्रश्न : दुबईत टँडम केली, आता एकट्यानं मारायची आहे. पण म्हणे एका दिवसात शिकवून दुसऱ्या दिवशी विमानातून ढकलतात. खरं का? (पुणे)

ढकलत कुणी नाही. दारात नको वाटलं तर मान हलवायची, विमानातून खाली यायचं, कुणी हसत नाही. एका दिवसाचं मात्र खरं आहे. सहा ते आठ तासांचा वर्ग, आणि त्यातला मोठा भाग फक्त बिघडलं तर काय यावर.

छताच्या तुळईला हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांचा साज, टांगलेला असतो. त्यात तुम्हाला अडकवतात, पाय अधांतरी. मास्तर डोक्यावर एक फोटो धरतो. दोऱ्यांना पीळ पडलाय? पाय मारत पीळ सोडवा. छत्रीचा बोळा झालाय? मग उजव्या बाजूची लाल मूठ बघा, धरा, ओढा. मग डावीकडची चंदेरी बघा, धरा, ओढा. लालनं बिघडलेली छत्री सुटते, चंदेरीनं रिझर्व्ह येते. क्रम उलटा झाला तर नवी छत्री जुनीच्या गुंत्यात जाते.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा आला होता, आयआयटीचा. तोंडानं अगदी पाढे म्हटल्यासारखं 'लाल, चंदेरी', आणि हात मात्र चंदेरीकडे. मास्तरनं काही न बोलता पुन्हा फोटो धरला. पुन्हा चंदेरी. मी कोपऱ्यात शिवणयंत्रावर बसून मोजत होते, अकराव्या वेळी हात तोंडाआधी लालकडे गेला. तेव्हा कुठे त्याला खाली उतरवलं. शर्ट पाठीला चिकटला होता. वर तेरा हजार फुटांवर डोकं नाही चालत, हातच चालतात.

लाल मूठ ओढल्यावर छत्री सुटते कशी, हे माझं आवडतं प्रकरण, तेव्हा थोडं सांगतेच. खांद्यापाशी तीन कड्या असतात, मोठी, मधली, लहान. एकीतून दुसरी ओवून परत दुमडलेली, आणि शेवटच्या लहान कडीला दोऱ्याचा एक फासा, त्यात पिवळी केबल. प्रत्येक कडी तरफेचं काम करते. त्यामुळे माणसाचं सगळं वजन तोलणारा जोड शेवटी त्या केबलवर इतक्या थोड्या ताणानं थांबतो, की एका हातानं ती ओढून काढता येते. १९७० च्या दशकात बिल बूथ नावाच्या माणसानं हे बसवलं, आणि आजही जवळपास प्रत्येक रिगवर (पाठीवरच्या पट्ट्या-छत्र्यांच्या संचावर) तेच आहे. त्या कड्या दर महिन्याला सोडून, फासा चोळून पुन्हा ओवायच्या असतात. किती जण विसरतात ते माझ्या टेबलावर कळतं.

बाकीचं थोडक्यात. पहिल्या उड्यांना दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून असतात. पडताना क्षितिज बघायचं, अल्टिमीटर (उंची दाखवणारं घड्याळ) बघायचा, हातांच्या खुणा ओळखायच्या, साडेपाच हजार फुटांवर छत्री उघडायची. ती नीट आहे की सोडून द्यायची, याचा निकाल अडीच हजार फुटांच्या आत लावायचा, त्याखाली विचार करत बसायचं नाही. छत्रीखाली कानात रेडिओ असतो. २५ उड्या आणि घडी घालण्यासकट सगळ्या परीक्षा झाल्या की 'ए' परवाना. अमेरिकेत तिथवर तीन-चार हजार डॉलर तरी जातात.

आणि जमिनीवर ताशी १४ मैलांच्या वर, म्हणजे साधारण साडेबावीस किलोमीटरच्या वर वारा असेल तर शिकाऊ जमिनीवरच. शनिवार-रविवार दोन्ही दिवस बाकावर बसायची तयारी ठेवा.

प्रश्न : मी स्कूबाचं काम करतो. सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी स्कायडाइव्ह असं एका सुट्टीत जमेल? (मालवण)

नाही. दादा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. डाइव्हनंतर विमानात बसू नका असं तुम्हीच पाहुण्यांना सांगता. आमच्या विमानात तर हवेचा दाब राखलेला नसतो. २४ तास मधे जाऊ द्या. नाहीतर क्रम फिरवा, आधी आकाश, मग समुद्र.

प्रश्न : वय ६३, वजन ९८ किलो, गुडघे कुरकुरतात. मुलगा टँडम करू या म्हणतो. (सातारा)

काका, वयाला वरची मर्यादा नाही, खालची आहे, इथे १८. वजनाची मर्यादा जागोजागी वेगळी, बहुतेक ठिकाणी शंभराच्या आसपास. तेव्हा आधी फोन करा आणि खरं वजन सांगा. ते ऐकून हसणार कुणी नसतं, रिगचा हिशेब असतो.

गुडघ्यांचं मात्र घरीच बघता येईल. खुर्चीच्या कडेवर बसा, दोन्ही पाय सरळ समोर उचला, दहा आकडे धरून ठेवा. टँडमला बहुतेक वेळा पाय उचलून बसत्या अंगानं घसरत उतरवतात. पाय उचलले गेले नाहीत तर ते आधी टेकतात आणि मागच्या प्रशिक्षकाचं वजनही त्यांवर येतं. नाही जमलं तर दोन महिने रोज तेवढाच व्यायाम करा आणि डॉक्टरांना विचारून मग ठरवा.

प्रश्न : शीतल महाजनांनी नऊवारीत उडी मारली. मला लग्नाच्या वाढदिवसाला साडीत टँडम करायची आहे. (ठाणे)

त्यांनी २०१८ मध्ये थायलंडला मारली, तेव्हा पाठीशी शेकडो उड्या होत्या. उत्तर ध्रुवावर त्या २००४ सालीच उतरल्या आहेत. आणि नऊवारीला कासोटा असतो, हे विसरू नका.

रिगर म्हणून मला साडीत फक्त पदर दिसतो. ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात सुटलेला पदर म्हणजे मुठी झाकणारं कापड. प्रशिक्षकाला मूठ दिसली नाही तर तो ती शोधणार केव्हा? पंजाबी ड्रेस घाला, ओढणी घरी. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं खाली यजमानांकडे द्या. साडी नेसून फोटो विमानासमोर काढा, तो जास्त चांगला येतो.

प्रश्न : मुलगा दर शनिवारी ड्रॉपझोनवर (उड्यांच्या मैदानावर) तंबू ठोकून राहतो. काय करतात तिथे? बिअरचा काही नियम आहे म्हणे. खरं सांगा. (डोंबिवली)

दादा, जास्तीत जास्त वेळ ते काहीच करत नाहीत. पत्र्याची मोठी शेड, जुना गालिचा, त्यावर छत्र्या पसरून गुडघ्यावर बसलेली माणसं. पुढच्या विमानाला किती मिनिटं, ते मधून मधून पुकारतात, एसटी स्टँडसारखं, तितकंच अस्पष्ट. तुमच्या मुलाशेजारी दंतवैद्य असेल, ट्रक चालवणारी बाई असेल, आणि आडनाव कुणाला कुणाचं माहीत नसेल.

बिअरचा नियम आहे. कुठलीही गोष्ट पहिल्यांदा केली की एक खोकं आणायचं: पहिली एकट्याची उडी, पहिल्यांदा रिझर्व्हवर उतरणं, पहिली नवी छत्री. शंभराव्या उडीला तोंडावर क्रीमचं ताट थापतात. पण दिवसाचं शेवटचं विमान रिकामं होऊन सगळे उतरल्याशिवाय झाकण उघडत नाही. आधी कुणी उघडलं तर त्याचा दिवस तिथेच संपतो. मी पीत नाही, मी आइस्क्रीम आणते, चालतं.

माझंही एक सांगते. दोनशे उड्या झाल्यावर मी छत्री लहान केली. शेडमधला म्हातारा पॅकर म्हणाला होता, 'अजून एक मोसम मोठीच वापर.' मी त्याला घडी घालणारा समजत होते, मास्तर नव्हे. दुसऱ्याच रविवारी उतरायला शंभर-एक फूट असताना समोरून कुणीतरी रमतगमत चालत आलं. ब्रेक, म्हणजे छत्री वळवायच्या डाव्या-उजव्या दोऱ्या, अर्धे ओढून सपाट वळण घ्यायचं असतं, शिकलेलं होतं. मी एकच ब्रेक पूर्ण ओढला. छत्री वळली आणि बुडाली. उजवा घोटा, दोन पट्ट्या, सात स्क्रू. छत्रीवर एक ओरखडा नव्हता, मीच नंतर तपासली.

सहा आठवडे मी तिसऱ्या मजल्यावर अडकले होते, जिना चढा-उतरायची सोय नाही. त्या सहा आठवड्यांत माझी भांडी घासली त्या दंतवैद्यानं, किराणा आणला ट्रकवालीनं. तो म्हातारा पॅकर एकदाच आला. 'मी सांगितलं होतं' म्हणाला नाही. फाटलेलं एक हार्नेस, सुई आणि दोरा पलंगावर ठेवून गेला, बसल्या बसल्या शीव म्हणून. रिगरच्या परीक्षेचा अभ्यास मी त्या पलंगावर सुरू केला.

तुमच्या मुलाला विचारा, शेडमधला सगळ्यात म्हातारा पॅकर कोण, आणि तो त्याच्याशी बोलतो का.

पत्रं अजून पुष्कळ आहेत, पुढच्या वेळी घेईन. आज शनिवार, सकाळपासूनचा वारा आत्ता पडलाय, बाहेर विमानाचं इंजिन सुरू झालंय आणि टेबलावर तीन रिझर्व्ह आहेत. त्यातल्या एकीची १८० दिवसांची मुदत आज संपते, आणि तिची मालकीण दोनदा दारात डोकावून गेली.