“जर्नल क्लबमध्ये मला काही विचारलं तर?”

“पेपर चारदा वाचला, तरी डोक्यात शिरत नाही. आणि जर्नल क्लबला मलाच सांगायचाय!” (जर्नल क्लब म्हणजे संशोधनाचा एखादा पेपर वाचून त्यावर मिळून चर्चा करायची बैठक.) नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, मेडिकल, डेंटल, नर्सिंग, फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत. त्यामुळे गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य सतत ऐकू येतं. पुढचंही ठरलेलंच असतं: “रिसर्च मला जमणारच नाही.”

नेहा (नाव, तपशील बदलले आहेत) एम.एस्सी. नर्सिंगची. स्लाइड्स तयार, झोप उडालेली.

“कशाची भीती वाटते?”

“सर काहीतरी विचारतील, मला येणार नाही. सगळ्यांना कळेल, हिला काहीच येत नाही.”

“एक उत्तर न येणं आणि काहीच न येणं सारखंच का गं?”

ती गप्प झाली.

माणूस प्रसंगापेक्षा स्वतःच्या हट्टाने जास्त घाबरतो, असं मी मानते. ‘मला सगळं आलंच पाहिजे’ हा तिचा हट्ट होता. तो सैल झाल्याशिवाय नुसत्या वेळापत्रकाने फारसं साधत नाही.

पुढच्या भेटीत म्हटलं, “मी डॉक्टर नाही. मला कळेल असा पेपर सांग.”

“नव्या उपचाराने गुंतागुंत 50 टक्क्यांनी कमी झाली.”

“म्हणजे शंभरातले पन्नास पेशंट वाचले?”

“नाही हो मॅडम! समजा, आधी शंभरात चौघांना त्रास व्हायचा...” तिने कागद ओढला, 4 लिहिले, खाली 2. “आता दोघांना होतो. निम्मे, म्हणून 50 टक्के. पण शंभरात टळले दोघंच...” पेन थांबलं. “म्हणजे एकाचा त्रास टळायला 50 जणांना हे द्यावं लागणार!”

“पेपरातले खरे आकडे काय आहेत?”

ती भराभर पानं उलटू लागली. सारांशात नव्हते, आतल्या टेबलात होते. “मॅडम, क्लबमध्ये हे मीच विचारलं तर चालेल?”

आतापर्यंत ती उत्तरं पाठ करत होती. पहिल्यांदाच तिने पेपरला प्रश्न विचारला होता. संशोधनाची सुरुवात इथेच होते. ती वाट तिला स्वतःला सापडली, याचं मला फार समाधान आहे.

विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरांनी 1875 मध्ये माँट्रियलला जर्नल क्लब सुरू केला, तो एकट्याला न परवडणारी नियतकालिकं मिळून घेऊन वाचता यावीत म्हणून. आपण त्याची तोंडी परीक्षा करून टाकली.

म्हणून मुलांना सांगते, सारांशावर विसंबू नका. कोणते पेशंट, काय केलं, कशाशी तुलना, काय मोजलं, एवढं आधी स्वतःच्या शब्दांत लिहा. मग गट कसे पाडले आणि मधेच किती जण गळाले ते बघा. ‘काय मोजलं’ इथे जास्त रेंगाळा. हार्ट अटॅकनंतर ठोक्यांची अनियमितता कमी करणाऱ्या काही औषधांनी मृत्यू उलट वाढतात, हे 1989 मध्ये एका मोठ्या चाचणीतून समोर आलं. ठोके सुधारले होते, माणसं दगावली होती. शेवटी विचारा, आपल्या वॉर्डातल्या पेशंटला हे लागू पडेल का?

शिक्षकांनाही विनंती आहे. ज्युनियरला उत्तर आलं नाही, तर “चला, मिळून शोधू” म्हणा. आणि मुलांनो, “माहीत नाही, पुढच्या वेळी बघून सांगते” हे वाक्य बेधडक वापरा. फक्त पुढच्या वेळी खरंच बघून या.