उद्धव ठाकरे पायउतार झाले तेव्हा लोकांना खरंच वाईट वाटलं होतं का? मग ती सहानुभूती विधानसभेला कुठे गेली?

तुमच्या प्रश्नाचा रोख कळला. २९ जून २०२२ ला राजीनामा दिला तेव्हा घराघरांत हळहळ होती म्हणतात, आणि नोव्हेंबर २०२४ ला ठाकरेंची शिवसेना २० वर, शिंदेंची ५७ वर. मग ती हळहळ खोटी होती का?

मी ठाण्यात वागळे इस्टेटला राहतो आणि सासुरवाडी लालबागची. त्या दहा दिवसांत एकाच पक्षाची दोन घरं मी आतून बघितली. त्यामुळे 'लोकांना काय वाटलं' याचं एकच उत्तर माझ्याकडून मिळणार नाही.

आता कुणी कबूल करत नाही, पण सुरुवातीला सगळे हसत होते. २० जूनला विधान परिषदेचा निकाल लागला, त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. मग सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांची ती फोनवरची क्लिप आली, 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील'. सकाळच्या लोकलमध्ये एकाने 'काय झाडी' म्हणायचं आणि अख्ख्या डब्याने पुढचं पूर्ण करायचं. सरकार राहतंय की जातंय याची फिकीर कुणालाच दिसली नाही. आसामात तेव्हा पुराने माणसं मरत होती, याची आठवण डब्यात एकाच म्हाताऱ्याने करून दिली. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, मीही नाही.

लालबागमधलं हसू २२ तारखेला थांबलं. संध्याकाळी फेसबुक लाइव्ह झालं. करोना झालेला माणूस सांगत होता की माझ्या आमदारांनी समोर येऊन सांगावं, मी खुर्ची सोडतो. आणि रात्री 'वर्षा'वरून बॅगा बाहेर पडताना टीव्हीवर दिसल्या. सासूबाई त्या बॅगा बघून रडल्या. दोन तृतीयांश, गटनेता, व्हिप, यातलं त्यांना काही नको होतं. "भाडेकरूला काढतात तसं काढलं गं," एवढंच त्या माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या. गिरणगावातल्या बाईला खोली रिकामी करणं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मेव्हणा मात्र साहेबांवरच चिडलेला. "अडीच वर्षं आमदारांना भेट मिळत नव्हती, निधी राष्ट्रवादीवाले नेत होते, आणि आता समोर या म्हणतात!" असं म्हणत म्हणत तो 'मातोश्री'वर गेलाच. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पुढे ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी लावणं चुकीचं होतं, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, म्हणून सरकार परत आणता येत नाही. त्या दिवशी मेव्हण्याचा पारा पुन्हा चढला, "मग घाई कुणी सांगितली होती?" माझ्या मते ज्या राजीनाम्याने सासूबाईंना जिंकलं, त्यानेच मेव्हण्याला थकवलं.

लालबागमधल्या जुन्या लोकांना आणखी एका गोष्टीचं नवल वाटत होतं. भुजबळ फुटले १९९१ ला, राणे गेले २००५ ला, तेव्हा काय राडे झाले ते त्यांनी पाहिलेलं. या वेळी पुण्यात वगैरे काही कार्यालयं फुटली, पण तेवढंच. ज्यांनी तेव्हा दगड उचलले होते त्यांचे आता गुडघे दुखतात, आणि पोराच्या नोकरीच्या वेळी पोलीस केस आड यायला नको असते. राग सगळा मोबाइलवर निघाला. ऑगस्टच्या अधिवेशनात विरोधकांनी विधान भवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' केलं, ते लहान पोरंसुद्धा म्हणत होती. म्हणजे तिथेही शेवटी हसणंच.

आता ठाणं. आमच्या गल्लीत कुणी रडलं नाही. मुख्यमंत्री फडणवीसच होणार असं सगळे धरून चालले होते. ३० जूनला फडणवीसांनीच शिंदेंचं नाव जाहीर केलं तेव्हा आधी दोन मिनिटं कुणाचा विश्वास बसेना, मग फटाके. शेजारचे काका, पूर्वी रिक्षा चालवायचे, म्हणाले, "आमच्यातला गेला वर." तिकडे ज्याला गद्दारी म्हणत होते, त्याला इकडे बढती म्हणत होते. फलकांवर बाळासाहेबांच्या शेजारी शिंदेंचे गुरू आनंद दिघे यांचा फोटो लागला की आमच्याकडे बाकीचं बोलणं संपतं. पण दिघेंच्याच तालमीतले राजन विचारे ठाकरेंबरोबर राहिले आणि २०२४ च्या लोकसभेला ठाण्यात नरेश म्हस्केंकडून दोन लाखांहून जास्त मतांनी हरले. विधानसभेला खुद्द दिघेंचे पुतणे केदार दिघे शिंदेंसमोर उभे होते, तेही लाखावर मतांनी पडले. त्याच विधानसभेला लालबाग ज्यात येतं त्या शिवडीने ठाकरेंच्या नव्या चिन्हावर, मशालीवर, अजय चौधरींना निवडून दिलं.

म्हणजे हळहळ खोटी नव्हती. जिथे होती तिथे बरीचशी टिकली, ठाण्यात ती पहिल्या दिवसापासूनच नव्हती. बाकी महाराष्ट्रात अडीच वर्षांत मध्ये बरंच काही आलं, लाडक्या बहिणीचे महिना दीड हजार आले. सासूबाईंनीही ते घेतले आणि मत मशालीलाच दिलं. "सरकारचे पैसे आहेत, कुणाच्या खिशातले नाहीत," हे वर.

पण धनुष्यबाण हे जुनं चिन्ह शिंदेंकडे गेलं त्याचा फटका किती होता हे मला त्यांच्याकडूनच कळलं. लोकसभेला मतदान करून आल्या आणि बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बाण दिसला आणि बोट आपोआप तिकडे चाललं होतं रे. मशाल शोधत उभी राहिले, मागची बाई खोकायला लागली."

हे मी ठाण्यात काकांना सांगितलं. ते म्हणाले, "आम्हाला शोधावं लागलं नाही."